खालचा बोल्ट

कागद पुन्हा फाटला. खरं तर नुसतं भोक पडायला हवं होतं, बाणाच्या जाडीचं, आणि त्याला पिसांच्या तीन बारीक रेघा. त्याऐवजी दोन बोटं लांब तिरकी चीर. धनुष्यं जुळवून देणाऱ्या ट्यूनिंगबाईने चौकटीतला कागद टरकन ओढून काढला, त्याचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या डब्यात असा भिरकावला की डबाच आडवा झाला.

"काय वैताग आहे हा!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आणखी एकदा म्हणाली.

रविवारी याच धनुष्याने याच चौकटीत कसं गोल, स्वच्छ भोक पाडलं होतं. आज गुरुवार. तिने दोरी वजनकाट्याच्या हुकाला अडकवली, ओढली आणि आकडा वाचला. पंचेचाळीस. रविवारी अठ्ठेचाळीस होते. तीन पौंड गेले कुठे, उंदरांनी खाल्ले?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कंपाउंड बो म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्य. वर एक पातं, खाली एक पातं, आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी एकेक बोल्ट. दोन्ही बोल्ट सारखे आवळले की दोरी ओढायला जड जाते, सारखे सैल केले की हलकी. किती जड, ते पौंडांत मोजायचं. लोकांना वाटतं, वजन जरा कमी झालं तर काय होणार, बाण थोडा हळू जाईल. डोंबल! बाण दोरीवरून सुटतो तेव्हा पाठीमागून धक्का बसून आधी वाकतो, मग सरळ होत जातो. अठ्ठेचाळीसच्या धक्क्याला जो बाण बेताने वाकतो, तोच पंचेचाळीसला ताठच राहतो आणि आडवातिडवा निघतो. शिवाय नेम धरायच्या खुणा अठ्ठेचाळीसच्या, म्हणजे पन्नास मीटरवर सगळे बाण खाली. आणि दोन बोल्ट सारखे नसले, तर दोन चाकं एका वेळी फिरत नाहीत, मग तर विचारायलाच नको. बोल्टच्या दोन आट्यांची गफलत आणि सगळ्या गणिताचा बोऱ्या.

बो होता तिच्या सासऱ्यांचा. तिरंदाजीच्या मैदानावर सगळे त्यांना पौंडकाका म्हणत, कारण नवा माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ते "किती पौंड ओढतोस?" असं विचारत आणि उत्तर काहीही आलं तरी "एवढंच?" म्हणत. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः साठ ओढले होते. मग छप्पन, मग बावन्न. आता वय अडुसष्ट, आणि गाडी अठ्ठेचाळीसवर येऊन अडली होती. "अठ्ठेचाळीसच्या खालचा बो मी हातात धरणार नाही," असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं, आणि पौंडकाकांनी जाहीर केलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मैदानाच्या टोकाला असलेलं हे दोन खोल्यांचं वर्कशॉपही त्यांचंच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बाण कुठल्या टोकाने दोरीला लावतात हेही तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी शिकवलं. दोरी वळायला, चाकं जुळवायला, फाटलेला कागद वाचायला. बोलणी खात शिकली, पण अशी शिकली की हळूहळू काम तिच्या हातात आलं आणि काकांच्या वाट्याला खिडकीजवळची खुर्ची आणि टीका तेवढी उरली. रोज दुपारी एक ते तीन ती घरी जायची आणि वर्कशॉप काकांच्या ताब्यात असायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर ते त्याला थांबवून ठेवत आणि साठ पौंडांच्या गोष्टी सांगत.

यंदा क्लबच्या सेक्रेटरीने संघाचे बाराही बो तिच्याकडे सोपवायचं मनात घेतलं होतं. संघाबरोबर स्पर्धेला जायचं, रांगेच्या मागे हत्यारांची पेटी घेऊन उभं राहायचं. अकरा वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. आणि नेमक्या त्याच वेळी काकांचे बाण भरकटायला लागले, आणि काका रांगेत उभे राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सूनबाईचं ट्यूनिंग टिकत नाही हो. रविवारी गोडवे गा, गुरुवारी बोंबा मारा."

झालं! अशी वाक्यं मैदानावर बाणापेक्षा वेगाने जातात. औषधवाला आला आणि अगदी हळुवारपणे आपला बो उचलून म्हणाला, "जरा घरी नेऊन ठेवतो." घरी काय याच्या बो दाबून दोरी सैल करायचा शिकंजा आहे? जुळ्या मुलींची आई दोन बो टाकून जाणार होती, ती "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाली. शेवटी सेक्रेटरी स्वतः आला. "बाई, राग मानू नका. पण घरातला एक बो चार दिवस टिकत नाही, तर बारा कसे सोपवू? रविवारी येतो. तोवर काय ते बघा."

बघत तर ती तीन आठवडे होती. आधी तिने दोष स्वतःलाच दिला. दोरी ताणली गेली असेल म्हणून नवी दोरी वळून चढवली. मग बोल्टच्या आट्यांवर संशय घेतला, ते काढून पुसले, बदलले. मग दोन्ही बोल्टच्या डोक्यांवरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एकेक लाल रेघ ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटणार. चार दिवसांनी पाहते तर दोन्ही रेघा तुटलेल्या! वरची थोडी, खालची जरा जास्त. बोल्ट आपणहून एवढे फिरत नाहीत. त्यांना हात लागतो.

तिने नवऱ्याला गाठलं. नवरा शाळेत भूगोल शिकवत असे. जगातले सगळे वारे त्याला तोंडपाठ, फक्त घरातला वारा कुठल्या दिशेने वाहतो ते कळत नसे.

"बाबांच्या बोचे बोल्ट तू फिरवलेस?"

"कुठले बोल्ट?"

"थापा मारू नकोस. कान बघ कसे लाल झालेत."

तो वहीत तोंड घालून बसला आणि मग पुटपुटला, "अर्धा आटा. फक्त अर्धा. सकाळी बाबा शर्ट घालत होते. दुसरी बाही सापडेचना त्यांना, हात मागे जातच नव्हता. मला बघवलं नाही."

"मग त्यांना सांग की, वजन कमी करा म्हणून!"

"मी सांगू?" तो म्हणाला. वाघाच्या पिंजऱ्यात हात घाल म्हटल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"धन्य आहे! या घरात तोंड कोणालाच नाही, देवाने सगळ्यांना नुसते बोल्ट फिरवायचे पाने दिलेत," ती म्हणाली. मग एकदम गप्प झाली, कारण पहिल्या आठवड्यात तिने स्वतः सत्तेचाळीसवर लावून काकांना अठ्ठेचाळीस सांगितले होते. दुखरा खांदा तिलाही दिसत होता आणि वाघाची भीती तिलाही होती.

नवऱ्याने कानाला हात लावून शपथ घेतली, पुन्हा हात लावणार नाही. तिने बो नीट केला, नव्या रेघा ओढल्या आणि रविवारी कागदात ते सुंदर गोल भोक पडलं. चोर सापडला, प्रश्न मिटला, असं तिला वाटलं होतं. आणि आज पुन्हा पंचेचाळीस.

तिने नवऱ्याला शाळेत फोन लावला. मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका चालला होता.

"तू परत हात लावलास?"

"आईशप्पथ नाही! अगं, मी तर वर्कशॉपात पाऊलही टाकलं नाही."

खोटं बोलताना त्याचा आवाज चिरका होतो. आत्ता तो साधाच होता. तिने फोन ठेवला, बो परत भिंतीवरच्या खुंटीला लावला आणि चष्मा चढवून रेघा पाहिल्या. वरची लाल रेघ अखंड होती. खालची तुटली होती आणि बोल्ट तीनेक आटे बाहेर आला होता.

म्हणजे फक्त खालचाच बोल्ट! म्हणून चीर तिरकी. पण असं करील कोण? दोन्ही बोल्ट सारखे फिरवायचे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अनाडी माणूस इथे येत नाही. आणि ज्याला कळतं तो एकच फिरवणार नाही, हातच तसा चालणार नाही.

तिने खुंटीकडे पाहिलं. खुंटी उंच, नवऱ्याच्या उंचीने ठोकलेली. वरचा बोल्ट तिच्या डोक्याच्याही वर, खालचा छातीशी. वरचा फिरवायचा तर हात वर करायला हवा. बो खुंटीवरून काढायचा तरी हात वर करायला हवा. आणि मग तिला आठवलं की गेल्या दोन महिन्यांपासून काकांनी एक नवीनच थेर काढलं होतं. "गुरूला बो शिष्याने हातात द्यायचा असतो," म्हणत ते रोज सकाळी खुर्चीतून हात पुढे करत. बो देताना ती मनातल्या मनात म्हणायची, आता पायाही पडू का?

हात वर जात नव्हते म्हणून. ज्यांना बो खुंटीवरून काढता येत नाही, वरचा बोल्ट गाठता येत नाही आणि वजन कमी करायला दुसऱ्याला सांगवत नाही, असं या जगात एकच माणूस होतं.

तिला दया यायला हवी होती, आली नाही. आधी संताप आला. तीन आठवडे ती दोऱ्या वळत होती, बोल्ट पुसत होती, स्वतःच्या हातांवर शंका घेत होती, आणि हे खुर्चीत बसून तिला नावं ठेवत होते!

तेवढ्यात पौंडकाका आत आले. "झाला का बो? दे, हातात दे."

"देते. आधी एक सांगा, बाबा. बोल्ट कोण फिरवतंय?"

"मला काय विचारतेस? माझ्याच वर्कशॉपात माझी उलटतपासणी?"

"खालचा तीन आटे सैल आहे. वरचा जागच्या जागी."

"म्हणजे तुझा हलगर्जीपणा. दोन्ही सारखे फिरवायचे, हा पहिला धडा दिला होता मी तुला."

"दिला होता. म्हणून तर विचारते, शिकवणाऱ्यानेच एक कसा फिरवला?"

काकांचा चेहरा तांबडा झाला. "तोंड सांभाळून बोल! पुरावा आहे?"

तिने टेबलावरचा पाना उचलून त्यांच्या हातात ठेवला. "हा घ्या. आता वरचाही तेवढाच सैल करून दाखवा. तिथेच, खुंटीवर. दाखवलात तर मैदानावर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

त्यांनी पाना घेतला. माघार घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते भिंतीशी गेले, हात उचलला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी पाना दुसऱ्या हातात घेतला. तोही तिथेच थांबला. पाना खाली पडला आणि फरशीवर वाजत टेबलाखाली गेला.

ती जिंकली होती. आणि तिला वाटलं, आपण आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी.

काका खुर्चीत बसले. त्यांनी खांदा धरला. मग ते म्हणाले, "ओढताना इथे आत कोणीतरी सुरी फिरवतं. दोन महिने झाले."

"मग सांगायचंत ना! मी रीतसर कमी करून दिलं असतं, दोन्हीकडून, बाण बदलून, खुणा बदलून. तुम्हाला माहीत होतं माझं काही चुकत नाही. माहीत असून तुम्ही चारचौघांत माझी अब्रू काढलीत!"

"लोक विचारायला लागले, बाण का चुकतात. काहीतरी सांगायला लागतं."

"आणि ते काहीतरी म्हणजे मी?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुझं नाव गेलं तर तू पुन्हा कमावशील. हात आहेत तुझ्याकडे. माझं गेलं तर मी आता कुठून आणू?"

एवढं खरं आणि एवढं निर्लज्ज वाक्य तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "पण ते माझं नाव होतं, बाबा. ते कोणाला द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं."

काका उठले आणि निघून गेले.

शुक्रवारी ते वर्कशॉपात आले नाहीत, शनिवारीही नाही. घरात जेवणाच्या टेबलावर तिघंही पुढ्यातल्या ताटांकडे बघून जेवत होती. "मी बोलू का बाबांशी?" नवऱ्याने स्वयंपाकघरात हळूच विचारलं. "तू भूगोल शिकव," ती म्हणाली. मग वाईट वाटलं म्हणून पुढे म्हणाली, "राहू दे. तुझं ऐकतील असं वाटतंय का तुला?" त्याने प्रामाणिकपणे मान हलवली, नाही म्हणून.

सेक्रेटरीला काय सांगायचं, हा खरा पेच होता. खरं सांगावं तर अडुसष्ट वर्षांच्या माणसाचं उरलंसुरलं नाव जातं. गप्प बसावं तर बारा बो जातात, आणि बारा गेले की मागोमाग बाकीची गिऱ्हाइकंही जातात. शनिवारभर तिने मनाशी वाक्यं जुळवली. सांगायचंच, असं ठरवलं. मी काय ठेका घेतलाय सगळ्यांची झाकायचा? तिने धनुष्यालाही मुद्दाम हात लावला नाही, खालचा बोल्ट तसाच सैल राहू दिला.

रविवारी सकाळी सेक्रेटरी आला तो एकटा नव्हे. बरोबर औषधवाला, जुळ्यांची आई आणि संघातली दोघं. खोली भरून गेली.

"मग बाई, सापडला का दोष?" सेक्रेटरीने विचारलं. "एक बाण मारून दाखवा कागदातून."

तिने तोंड उघडलं. जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं. ते बाहेर येईना. आपणही याच घरातलं माणूस आहोत, पाना आहे पण तोंड नाही, असं मनात येऊन तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"तिला काय विचारता?" दारातून आवाज आला. पौंडकाका आत आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, फक्त वरचं बटण लावायचं राहिलेलं. "दोष मी सांगतो. हा बो तीन आठवडे मी बिघडवतोय. खालचा बोल्ट. दुपारी, कोणी नसताना."

औषधवाल्याने उगाच आपले बूट पाहिले.

"हिचं काम पक्कं होतं," काका म्हणाले, "म्हणून तर मला ते पुन्हा पुन्हा बिघडवावं लागलं. आणि वर बोल लावला तो हिलाच. आता झालं ऐकून?"

"पण का, काका?" जुळ्यांची आई म्हणाली.

"ओढवत नाही म्हणून."

सेक्रेटरीने घसा खाकरला. "बाई, बारा बो उद्या पाठवतो."

"उद्याचं उद्या," काका म्हणाले. "आधी माझा होऊ दे. चल, कमी कर. दोन्हीकडून सारखा, मोजून."

तिने बो खुंटीवरून काढला. आधी खालचा बोल्ट तीन आटे आवळून वरच्याशी जुळवला. मग दोन्ही एकेक आटा सैल केले. आटे मोजताना ती चुकली नाही. काटा शेहेचाळीसवर आला. तिने बो दिला. काकांनी बाण लावला, भिंतीशी बाण अडवायला ठेवलेल्या गादीकडे तोंड केलं आणि ओढलं. दोरी अर्ध्यावर येऊन अडली. त्यांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी दोरी हळूच परत जाऊ दिली. खोलीतले सगळे कुठे ना कुठे बघत होते, फक्त त्यांच्याकडे नाही.

"अजून," काका म्हणाले.

चव्वेचाळीस. या वेळी दोरी हनुवटीपर्यंत आली, पण बाणाचं टोक गादीभर फिरत होतं.

तिला ते बघवेना. "चव्वेचाळीस आहेत, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "पुष्कळ झाले. इथे थांबू या ना."

"तू इथे कोण आहेस? सून की कारागीर?" ते सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले. "कारागीर असशील तर माझं तोंड बघू नकोस, हात बघ."

तिने पदराने डोळे पुसले, पाना घेतला, वरचा एक आटा फिरवला, खालचा एक. बेचाळीस. बो त्यांच्या हातात दिला आणि या वेळी हाताकडे बघत उभी राहिली. दोरी आली, थांबली. टोक मघापेक्षा कमी फिरत होतं. पण फिरत होतं. काकांनी धाप टाकत विचारलं, "हं? जमलं की नाही?"

"नाही," ती म्हणाली. "अजून."

आणि पौंडकाकांनी मुकाट्याने बो परत दिला.